चौकटीच्या पाठीमागची नावे

वाचकाचे पत्र, थोडक्यात: सातारा शहरात राहणाऱ्या एका वाचक भगिनींनी लिहिले आहे. त्यांचे सासरे, ज्यांना घरात सगळे आप्पा म्हणत, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमधून, म्हणजे जंगी पलटणीतून, सुभेदार म्हणून निवृत्त झाले. १९७१ च्या लढाईत ते आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला होते. पण त्या दिवसांविषयी घरी कधी बोलले नाहीत. गेल्या वर्षी त्यांचे निधन झाले. निवृत्त होताना पलटणीतल्या सोबत्यांनी त्यांना एका युद्धचित्राची मोठी छापील प्रत चौकटीत बसवून भेट दिली होती. चित्रात धूर, नदीचे पाणी, चिखलाचा उंच बांध आणि गोळीबार आहे आणि खाली ‘सेनिओ, ९ एप्रिल १९४५’ अशी इंग्रजी ओळ आहे. तीसेक वर्षे हे चित्र गोडोलीतल्या जुन्या घरात पुढच्या खोलीच्या मुख्य भिंतीवर होते. आता कुटुंब नव्या फ्लॅटमध्ये राहायला जात आहे. पतीला चित्र हॉलमध्ये समोरच हवे आहे. पुण्यात शिकणारा मुलगा म्हणतो की हे हिंसेचे उदात्तीकरण आहे, आणि लढाईही इंग्रजांची. मुंबईचे धाकटे दीर म्हणतात, अशा चित्रांना लाखांत भाव येतो, विकून टाका. सासूबाई काहीच बोलत नाहीत. मात्र रोज देवपूजा झाली की पदराने चित्राची काच पुसतात. चित्र उतरवताना मागच्या पुठ्ठ्यावर पंचवीसेक जणांच्या सह्या दिसल्या आणि त्यांतल्या काही नावांच्या आधी आप्पांच्या अक्षरात ‘कै.’ आणि पुढे तारीख लिहिलेली आढळली. भगिनी शेवटी लिहितात, “मला हे चित्र लग्न होऊन आले तेव्हापासून आवडलेले नाही. जेवताना समोर येते. हे मी कुणाला सांगू शकत नाही. ते माळ्यावर ठेवले तर आप्पांचा अपमान होईल का?”

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून टाकली आहे, ती म्हणजे पुठ्ठ्यावरच्या सह्या. बाकी सगळे पत्र चित्राच्या पुढच्या बाजूविषयी आहे: ती कुठे लावायची, कोणाला खटकते, तिला किती पैसे येतील. मला वाटते, तुमच्या घरातला वाद सुटायचा असेल तर आधी चौकट उलटी करून सगळ्यांनी मिळून मागची बाजू वाचायला हवी. पण तिकडे येण्यापूर्वी पुढच्या बाजूला नेमके काय आहे ते पाहू, कारण तुमच्या घरात ते चित्र सगळ्यांनी रोज पाहिले असले तरी नीट कुणी पाहिले असावे असे वाटत नाही.

सेनिओ ही उत्तर इटलीतली नदी. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या टप्प्यात तिच्या दोन्ही काठांवरच्या पूररोधक बांधांचा आसरा घेऊन जर्मन फौजा बसल्या होत्या. ९ एप्रिल १९४५ रोजी आप्पांच्याच पलटणीने, तेव्हाच्या नावाने पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनने, ती नदी ओलांडली. पूर्वेकडच्या बांधावर चढाई करणारी एक लहान तुकडी जवळजवळ संपूर्ण कापली गेली. तिच्यासोबत कंपनीचा निरोप्या म्हणून नामदेव जाधव हा शिपाई होता. मूळचा तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निमजचा. त्याने दोन जखमी सोबत्यांना भर गोळीबारात खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेले. मग तो परत फिरला आणि शत्रूची मशिनगनची तीन ठाणी त्याने एकट्याने निकामी केली. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभे राहून त्याने मराठ्यांची युद्धघोषणा दिली आणि मागच्या कंपन्यांना हाताने पुढे बोलावले. या कामगिरीसाठी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. तो त्या लढाईतून जिवंत परतला आणि १९८४ मध्ये वारला.

तुम्ही पाठवलेला मोबाइलवरचा फोटो मी मोठा करून पाहिला. डोळे आधी उजवीकडच्या स्फोटाकडे जातात, कारण चित्रकाराने पिवळा रंग तिथेच ओतला आहे. पण डाव्या कोपऱ्यात, अगदी खाली, कमरेपर्यंत पाण्यात असलेला एक माणूस दुसऱ्याला पाठीवर घेऊन चालला आहे. पाठीवरच्याचा एक हात पुढे लोंबतो आहे, आणि वाहणाऱ्याने त्याचे मनगट आपल्या दातांत धरल्यासारखे दिसते, बहुधा दोन्ही हात बांधाचा आधार घेण्यासाठी मोकळे हवेत म्हणून. जेवणाच्या पाटावरून बारा-पंधरा फुटांवरून हा कोपरा दिसणे शक्य नाही. तिथून फक्त आग दिसते. तुम्हाला न आवडलेले चित्र आणि आप्पांनी जवळ उभे राहून पाहिलेले चित्र ही दोन वेगळी चित्रे असण्याची शक्यता तुम्ही विचारात घ्यावी, असे मला सुचवायचे आहे.

आता तुमच्या गृहीतकांकडे येतो. पहिले गृहीतक असे की हे चित्र म्हणजे आप्पा, त्यामुळे ते न आवडणे म्हणजे आप्पा न आवडणे आणि ते हलवणे म्हणजे त्यांना हलवणे. तसे पाहिले तर सेनिओच्या लढाईशी आप्पांचा काही संबंध नव्हता. तुम्ही दिलेल्या वयावरून त्यांचा जन्मही तिच्यानंतरचा आहे. त्यांची लढाई जमालपूरची. डिसेंबर १९७१ मध्ये जमालपूरला वेढा पडला होता. शरण या, असा निरोप भारतीय ब्रिगेडियरने पाठवला, तेव्हा पाकिस्तानी कमांडरने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून धाडली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. १० डिसेंबरच्या रात्री वेढा फोडून निघू पाहणाऱ्या पाकिस्तानी तुकड्या थेट जंगी पलटणीच्या मोर्चांवर येऊन आदळल्या. अंधारात, फार थोड्या अंतरावरून झालेली ती चकमक होती आणि त्यात समोरच्या बाजूची फार माणसे मेली. आप्पा त्या रात्री तिथे होते. पुढे हयातभर ते त्याबद्दल बोलले नाहीत, आणि घरातल्या मुख्य भिंतीवर मात्र त्यांनी दुसऱ्याच पिढीची, दुसऱ्या देशातली लढाई लावली.

मला यात विसंगती दिसत नाही. ज्याने स्वतः पाहिले आहे त्याला स्वतःचे चित्र भिंतीवर पेलत नाही. पलटणीच्या जुन्या लढाईचे चित्र पेलते, कारण त्यात आपण नसतो, तरी आपले सगळे त्यात असते: तीच घोषणा, तोच सोबत्याला मागे न टाकण्याचा रिवाज, तीच भीती. फौजी माणूस अशा चित्रासमोर उभा राहिला की आधी पट्टा, बूट, बंदूक बरोबर रंगवली आहे का ते पाहतो. इतरांना हा काटेकोरपणा कोरडा वाटतो, पण बोलायला सुरक्षित असा तेवढाच भाग त्याच्याजवळ असतो. युद्धचित्रांच्या छापील प्रती पलटणीच्या मेसमध्ये आणि निवृत्तांच्या घरी एवढ्या प्रेमाने का लावल्या जातात, याचे उत्तर पराक्रमाच्या अभिमानात जितके आहे तितकेच या अबोलपणात आहे.

आपल्या मुलखाला हे नवे नाही. वाई तालुक्यातल्या किकलीला भैरवनाथाच्या देवळाभोवती वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, ओळीने मांडलेले आहेत. तुम्ही साताऱ्याच्या, एखाद्या रविवारी मुलाला घेऊन जाऊन या. खालच्या पट्टीत लढाई आणि पडलेला वीर, त्याच्या वर त्याला नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर सूर्यचंद्र. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर नाव नाही. कोण होता, कोणासाठी लढला, गाई सोडवायला गेला की गाव राखायला, हे दगड सांगत नाही. गावाने तोंडातोंडी सांगितले तोवर माहीत होते, सांगणारे गेले तसा तो नुसता कोरीव दगड उरला. तुमच्या घरातले चित्र त्याच वाटेने निघाले आहे. त्याचा मान भिंतीवर अवलंबून असता तर तीस वर्षांत तुमच्या मुलाला नामदेव जाधवांचे नाव कळले असते.

छापील प्रत आहे, मूळ चित्र नव्हे, म्हणून तिला कमी लेखण्याचेही कारण नाही. १८९४ मध्ये राजा रविवर्म्याचा छापखाना सुरू झाल्यापासून आपल्या घरांतले देवसुद्धा छापील कागदावरच आले, आणि त्यांच्यापुढे लावलेला दिवा त्यामुळे काही कमी खरा ठरला नाही.

युद्धचित्र म्हणजे शौर्याचा डांगोरा, असा सरसकट समज तुमच्या मुलाचा आहे, तुमचाही थोडा दिसतो. एलिझाबेथ थॉम्प्सन या इंग्रज चित्रकर्तीचे ‘रोल कॉल’ हे चित्र १८७४ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत लागले, तेव्हा गर्दी आवरायला शेजारी पोलीस उभा करावा लागला. त्या चित्रात लढाई नाहीच. क्रिमियातल्या बर्फात, चकमक संपल्यावर, दमलेल्या शिपायांची रांग उभी आहे आणि हजेरी चालली आहे. कोण ओ देतो आणि कोण देत नाही, एवढाच त्याचा विषय. चित्र राणी व्हिक्टोरियाने घेतले, पण सामान्य माणसांच्या घरी ते छापील प्रतींतून पोचले. ज्यांचा मुलगा परतला नव्हता त्यांनाही ते लावता आले, कारण त्यात जिंकल्याचा आनंद कुठे नव्हता.

ताई, आप्पांच्या पुठ्ठ्यावर अशीच हजेरी आहे. सोबत्यांनी निरोपाच्या दिवशी सह्या केल्या आणि आप्पा पुढे तीस वर्षे ती हजेरी घेत राहिले. एखादा गेल्याची बातमी आली की ते चित्र उतरवत असणार, उलटे करत असणार, त्या नावाआधी ‘कै.’ लिहून तारीख घालत असणार आणि कुणाला न सांगता पुन्हा लावत असणार. ही कृती त्यांनी निदान दहा-बारा वेळा केली आहे, आणि घरात कुणालाच तिचा पत्ता नव्हता. निदान सासूबाईंखेरीज कुणाला नव्हता. समोरची बाजू पलटणीची आहे, अशा शेकडो प्रती निघाल्या असतील. मागची बाजू जगात एकच आहे. म्हणून ‘अपमान’ हा शब्द वापरायचाच असेल तर तो माळ्यासाठी नको, फ्रेमवाल्याने नवी चौकट करताना जुना पुठ्ठा कचऱ्यात टाकला तर त्याला वापरावा. आणि ते दुकानात फार सहज घडते, त्यात दुष्टावा नसतो, पुठ्ठा जुना आणि डागाळलेला असतो इतकेच.

ज्या नावांआधी ‘कै.’ नाही, ती माणसे बहुधा हयात आहेत. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातलीच त्यांतली बरीच असतील. आप्पा गेल्याचे त्यांना कळवले आहे का? त्यांच्यापैकी कुणाकडे असाच पुठ्ठा असेल, तर त्यावर आप्पांच्या नावाआधी ‘कै.’ लिहायचे राहिले असेल. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी केली, किंवा १६ डिसेंबरच्या विजय दिवसाला माजी सैनिक जमतात तिथे तुमचे पती तो पुठ्ठ्याचा फोटो घेऊन गेले, तर एक-दोन जण नक्की सापडतील. हॉलमध्ये समोर की बाजूला यावर भांडण्यापेक्षा हे काम पतीला सोपवा. वडिलांसाठी काहीतरी करायचे आहे आणि सध्या त्यांच्या हाती फक्त एक भिंत आहे, असे मला त्यांच्या आग्रहातून जाणवते. तो आग्रह पोरकट समजू नका. डिसेंबर २०२४ मध्ये लष्करप्रमुखांच्या दालनातले १९७१ च्या शरणागतीचे चित्र हलवून दिल्लीच्याच माणेकशॉ सेंटरमध्ये लावले गेले, तेव्हा निवृत्त सेनाधिकाऱ्यांमध्ये केवढा वाद उठला होता. चित्र अधिक लोकांना दिसेल अशा ठिकाणी गेले, असे लष्कराचे म्हणणे होते. तरी पुष्कळांना ते लागले. ज्यांची उमेदीची वर्षे त्या लढाईत गेली त्यांना जागा बदलणेही टोचते, हे समजून घ्यायला हवे.

मुलाचे दोन आक्षेप मात्र वेगळे करा, कारण तो ते एका दमात बोलतो. हिंसेच्या उदात्तीकरणाचा मुद्दा गंभीर आहे आणि तो झिडकारू नये. कोपऱ्यातला माणूस जखमी सोबत्याला वाहून नेतो आहे म्हणून हे चित्र दयेचे झाले, असे मी म्हणणार नाही. त्याच माणसाने त्यानंतर तीन ठाणी मारली, आणि सोबत्यांच्या मरणाचा सूड घ्यायला तो निघाला होता हे त्याच्या पदकाच्या मजकुरातही आहे. चित्रात दोन्ही आहे. तुमचा मुलगा पिवळा स्फोट पाहतो, तो खोटे पाहत नाही. त्याला जवळ बोलावून डावा कोपराही दाखवा, आणि मग त्याला आवडते का ते विचारू नका. काय दिसले ते विचारा.

इंग्रजांच्या लढाईचा आक्षेप इतिहासाचा आहे आणि त्याला साताऱ्यात बसून उत्तर देणे सोपे नाही, म्हणूनच ते द्यावे. दुसऱ्या महायुद्धात २५ लाखांहून अधिक हिंदुस्थानी माणसे फौजेत भरती झाली. त्यांतल्या पुष्कळांना कोरडवाहू शेती, पगार आणि घराची रीत यांनी तिकडे नेले. नेमक्या त्याच वर्षांत आपल्या जिल्ह्यात, ज्यात तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भागही होता, क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालू होते. शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराची गाडी प्रतिसरकारच्या तुफान सेनेने लुटली ती ७ जून १९४३ ला. एकाच मातीतली पोरे एकाच वेळी इंग्रज सरकारशी आणि त्या सरकारच्या गणवेशात हिटलरच्या फौजेशी लढत होती. यांतल्या एकाला खरा आणि दुसऱ्याला भाडोत्री ठरवणे पुण्याच्या होस्टेलवर सोपे जाते. अपशिंगे मिलिटरीत, जिथे पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ गावकऱ्यांची आठवण जपली आहे, तिथे उभे राहून ते म्हणून पाहावे. आणि इटलीतले लोक काय म्हणतात तेही त्याला सांगा. १० जुलै १९४४ रोजी तिबर नदीच्या खोऱ्यात पडलेले रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे यांच्या नावाने तिथल्या माँतोने गावात जुलै २०२३ मध्ये सूर्यघड्याळाचे स्मारक उभे राहिले. त्यांच्या दृष्टीने ही माणसे नाझींच्या ताब्यातून त्यांचा देश सोडवायला आलेली होती. मुलाने एवढे ऐकून आपले मत तसेच ठेवले तरी हरकत नाही. तो चित्राविषयी वाद घालतो आहे, तुम्ही सगळे तर इतकी वर्षे त्याच्याखालून नुसते ये-जा करत होता.

सासूबाईंना मात्र कुणीच विचारलेले नाही, आणि हे वाचून मला थोडा राग आला, तुमच्यावर नव्हे, आपल्या सगळ्यांच्या सवयीवर. चित्र नवऱ्याचे, निर्णय मुलांचा, आणि काच पुसायला त्या. डिसेंबर १९७१ मध्ये त्या कुठे होत्या? सासरी होत्या की माहेरी? पोस्टमन दिसला की काय वाटायचे? युद्धचित्रांत या बाजूला जागा नसते. नदी असते, बांध असतो, पण साताऱ्याजवळच्या खेड्यात लष्करी टपालाचा पत्ता लिहिलेल्या पत्राची वाट पाहणारी बाई त्यात रंगवलेली नसते. त्यांना ‘चित्र कुठे लावू’ असे विचारू नका, त्या ‘तुम्हाला हवे तिथे लावा’ म्हणतील. पुठ्ठा त्यांच्यापुढे ठेवा आणि यांतले कोण कोण आपल्या घरी जेवून गेलेत, एवढेच विचारा. पुढचे त्या सांगतील. सांगतील ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा किंवा वहीत उतरवा, आणि मुलगा त्या वेळी घरी असेल असा दिवस निवडा. नाहीच बोलल्या तर आग्रह करू नका. रोज काच पुसणे हे त्यांचे बोलणेच आहे, आणि ते चित्राविषयी नसून आणखी कशाविषयी असू शकते. ते चित्र त्यांना नकोसे असेल आणि तरीही त्या ते पुसत असतील, हेही अशक्य नाही.

आणि तुम्ही? तुम्हाला चित्र आवडत नाही, एवढेच आहे. तुम्ही आप्पांचे औषधपाणी पाहिले, शेवटच्या महिन्यांत रात्री जागलात, हे तुम्ही स्वतःच लिहिले आहे. ज्या घरात रोजचा स्वयंपाक तुम्ही करता तिथे जेवताना समोर स्फोट नको असे म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे, आणि त्यासाठी आप्पांची माफी मागण्याची गरज नाही. पतीला हे याच शब्दांत सांगा, इंटिरिअरवाल्याच्या तोंडून सांगू नका. ‘रंगसंगती जुळत नाही’ हे कारण दिलेत तर ते दुखावतील आणि त्यांचे दुखावणे योग्यही ठरेल.

माझे मत विचाराल तर, हॉलची समोरची भिंत नको आणि माळाही नको. जिथे माणूस दोन हातांच्या अंतरावर उभा राहून पाहू शकतो अशी जागा या चित्राला लागते, कारण लांबून ते फक्त आग दाखवते. दारातून आत आल्यावरचा बोळ, किंवा हॉलचीच बाजूची भिंत, जिथून जेवणाचे टेबल दिसत नाही, अशी जागा तुम्ही पाठवलेल्या फ्लॅटच्या नकाशात दिसते आहे. सासूबाईंनी आपल्या खोलीत मागितले तर प्रश्नच मिटला, पण त्यांच्यावर ते लादू नका. चित्राशेजारी आप्पांचे एखादे जुने आंतर्देशीय पत्र आणि खाली चार ओळींची माहिती लावा: सेनिओ काय, नामदेव जाधव कोण, आप्पा कोणत्या पलटणीत कधी ते कधी होते. ही चार ओळींची माहिती मुलाने लिहावी, असे मी सुचवेन.

चौकट नवी करताना काही गोष्टी फ्रेमवाल्याला समोर उभे राहून सांगा, आणि असे चित्र घरी असलेल्या इतर वाचकांनीही हे लक्षात ठेवावे. काच कागदाला टेकता कामा नये. मध्ये आम्लरहित पुठ्ठ्याचा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची आतली चौकट, हवी, नाहीतर पावसाळ्यातल्या ओलाव्याने शाई काचेला चिकटते. चित्राला मागून फेव्हिकॉल किंवा चिकटपट्टी लावू देऊ नका. कडेचा पांढरा कागद चौकटीत बसावा म्हणून कापू देऊ नका. पेन्सिलीतली सही आणि प्रतीचा क्रमांक असला तर तो तिथेच असतो. बाहेरच्या भिंतीवर, जिला पश्चिमेचा पाऊस लागतो, चित्र टांगू नका, आणि टांगताना खालच्या दोन कोपऱ्यांमागे बुचाचे तुकडे लावा म्हणजे हवा खेळते आणि कसर धरत नाही. थेट ऊन लागले तर छापील चित्रातला तांबडा आणि पिवळा रंग आधी उडतो आणि सगळे चित्र निळसर दिसू लागते. जुना पुठ्ठा वेगळा काढून त्याचे चांगल्या उजेडात फोटो घ्या, कारण बॉलपेनची शाई फिकट होत जाते. मग तो सपाट, कोरड्या जागी, स्वच्छ कागदाच्या घडीत ठेवा, किंवा फ्रेमवाला तयार असेल तर मागच्या बाजूलाही काच घालून घ्या. नव्या पुठ्ठ्यावर काही लिहायचे तर पेन्सिलीने लिहा.

ज्यांच्या घरातला माणूस लढाईतून परतलाच नाही, अशा वाचकांना मी हाच सल्ला देणार नाही. त्या घरात लढाईचे चित्र रोज डोळ्यांसमोर ठेवणे काहींना आधार देते आणि काहींची जखम सुकू देत नाही. तिथे आई आणि पत्नी यांचे मत शेवटचे मानावे, आणि मानचिन्ह म्हणून आलेले चित्र लावलेच पाहिजे असे कोणतेही बंधन नाही. महायुद्धांत पणजोबा गेले एवढेच माहीत असलेल्यांनी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या, महायुद्धांत कामी आलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर नाव शोधावे. ते मोफत आहे. नावांची इंग्रजी स्पेलिंगे तेव्हा मनाला येतील तशी लिहिली गेली, त्यामुळे तीन-चार प्रकारे शोधा आणि गावाचे नावही टाकून पाहा. इटलीत फोर्ली आणि कॅसिनो इथे मराठी नावे मोठ्या संख्येने आहेत.

मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला चित्र देण्याचा विचार कुणी सुचवला तर आधी पत्र लिहून विचारा, कारण त्यांच्याकडे ते असण्याचीच शक्यता जास्त. गावच्या शाळेला देणार असाल तर सोबत लिखित माहिती द्या, नाहीतर दोन वर्षांत ते मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कपाटामागे जाईल. पुठ्ठा कोणत्याही परिस्थितीत देऊ नका.

राहिले धाकटे दीर. मर्यादित आवृत्तीच्या प्रतीला किंमत येते ती कडेला चित्रकाराची पेन्सिलीतली हाताची सही, प्रतीचा क्रमांक आणि कागदाची निर्मळ अवस्था यांमुळे. सही छापील असेल तर तिने किमतीत भर पडत नाही. तुमच्या फोटोत कडेचा कागद चौकटीखाली दबलेला आहे, त्यामुळे चौकट उघडेपर्यंत काही बोलण्यात अर्थ नाही. अशा चित्रांचे गिऱ्हाईक थोडे, आणि लाखांची भाषा मला फुगवलेली वाटते. तरी दिरांना उडवून लावू नका. वडिलांच्या वस्तूंपैकी आपल्या वाट्याला काही आले नाही, ही खंत कधी कधी किमतीच्या रूपाने बोलते. चित्राची आणि पुठ्ठ्याची, दोन्ही बाजूंची, चांगली रंगीत प्रत काढून त्यांना मुंबईला पाठवा. आणि चौकट उघडायच्या दिवशी त्यांना साताऱ्याला बोलवा, म्हणजे सही आहे की नाही हे ते स्वतःच पाहतील.